कवडी, गाडी, सृष्टी

संक्रांत झाली आणि गहिनीनाथाच्या वळईतला कडबा तळाला लागला. विहीर त्याच्या आधीच आटली होती. तिसगावच्या पलीकडं माळावर जनावरांची छावणी उघडली, तसा तो दोन बैल, एक गाय आणि कवडी नावाची कालवड घेऊन तिथं गेला. कवडीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, त्यावरून तिचं नाव पडलं होतं. मुलगा राम पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. तो झुंजुमुंजूला निघायचा तो दिवस मावळल्यावरच परतायचा. बायको चांगुणा घरी थांबली, कारण गावात टँकर कधी येईल याचा नेम नव्हता आणि हंडे घेऊन कुणीतरी दारात असायला हवं होतं. राहिली सून निकिता. तिनं तवा, परात, दोन पातेली आणि पिठाचा डबा पोत्यात भरला, सृष्टीला कडेवर घेतलं आणि सासऱ्यामागं छावणीत राहायला आली.

माळावर हिरव्या जाळीच्या लांबच लांब ओळी होत्या. जाळीखाली जनावरं आणि जनावरांच्या तोंडापुढं माणसांच्या बाजा. सकाळी उसाचा ट्रक आला की सगळे ओळीत उभे राहायचे. छावणीवरचा माणूस जनावराच्या कानातला बिल्ला मोबाईलनं तपासायचा आणि मग चारा मोजून मिळायचा. तो डोक्यावर आणायचा, कोयत्यानं तुकडे करायचे, जनावरांपुढं टाकायचे, मग शेण काढायचं, मग पाणी पाजायचं. उसाच्या पाचटानं निकिताचे हात कोपरापर्यंत चिरलेले असायचे आणि घाम लागला की ते चरचरायचे.

सृष्टी तीन वर्षांची व्हायला आली होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. दिवाळीच्या सुमारास नगरच्या दवाखान्यात तपासणी झाली होती. कानातून मेंदूकडं जाणारी नसच नीट तयार झालेली नाही, मशीनचा उपयोग नाही आणि ऑपरेशनचाही नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. राम ते ऐकून बाहेर पायरीवर जाऊन बसला. निकिता मात्र तपासणी करणाऱ्या बाईंजवळ थांबली. त्या बाईंनी तिला सांगितलं, की पोरीचे डोळे चांगले आहेत, जे काही शिकवायचं ते डोळ्यांतून शिकवा. खुणा करा, लिहून दाखवा, पण शाळेची वाट बघू नका, आजपासून सुरू करा.

निकिता बारावी झालेली. तिनं बाजारातून मुळाक्षरांचा तक्ता आणला. अ अननसाचा. तो तिनं छावणीत बाजेच्या पायाशी उभा केला आणि बोट ठेवून दाखवू लागली. सृष्टीनं अननसाकडं बघितलं, मग आईच्या तोंडाकडं बघितलं आणि उठून कवडीकडं गेली. अननस त्या पोरीनं जन्मात पाहिला नव्हता. आणि अ हा आवाज ज्याच्या कानात कधी शिरणारच नाही, त्याला अ कशाचा, हे सांगून तरी काय उपयोग, हे निकिताच्या दोन-चार दिवसांतच लक्षात आलं. तक्ता गुंडाळून तिनं जाळीच्या बांबूत खोचून टाकला.

मग तिनं स्वतःच कार्डं करायची ठरवली. पोरगी ज्याला रोज हात लावते त्याच वस्तू घ्यायच्या आणि अक्षर नाही, अख्खा शब्द लिहायचा. तेलाच्या खोक्याचा पुठ्ठा तिनं विळीवर कापला. गाय, बैल, बादली, भाकर, पाणी, ऊस असे शब्द जाड पेनानं लिहिले आणि वर चित्रं काढली. सृष्टी चित्र बघून बादलीपाशी जायची, शब्दाकडं तिची नजरही जायची नाही. म्हणून निकितानं नवीन कार्डं केली, नुसत्या शब्दांची. तो शब्द वस्तूला टेकवायचा, पोरीचं बोट शब्दावर ठेवायचं, मग वस्तूवर. स्वयंपाक करताना, शेण काढताना, पाणी पाजताना, दिवसभर हेच.

शेजारच्या ओळीतली माणसं बघायची. कुणी हसायचं, कुणी हळहळायचं. चांगुणा भाकरी-कालवण घेऊन आली तेव्हा तिनं हे बघितलं आणि डबा खाली ठेवला. मग म्हणाली, की ऐकणारी पोरं सहा वर्षांची झाल्यावर वाचतात, आणि तू हिच्याकडून आत्ताच करून घ्यायला बघतीस, यात पोरीचेही हाल आणि तुझेही. ती रागानं बोलली नव्हती, म्हणूनच निकिताला ते जास्त लागलं.

पण होळीच्या आसपास सृष्टी कार्ड घेऊन नेमकी त्या वस्तूपाशी जाऊ लागली. बादली दिली की बादलीपाशी, गाय दिली की गाईपाशी. निकिता हरखली. चार दिवस तिच्या अंगात बळ मावत नव्हतं. मग एका सकाळी 'बैल' लिहिलेलं कार्ड पाण्यात पडून फुगलं म्हणून तिनं दुसरं लिहिलं आणि सृष्टीपुढं धरलं. सृष्टीनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि खाली टाकून दिलं. निकिताला शंका आली. तिनं बाकीची कार्डंही नव्या पुठ्ठ्यावर लिहून बघितली. पोरीला एकही ओळखता येईना. मग तिच्या ध्यानात आलं. बादलीच्या कार्डाचा कोपरा फाटलेला होता. गाईच्या कार्डावर चहाचा डाग होता. भाकरीचं कार्ड तेलकट होतं. पोरगी डाग ओळखत होती, कोपरे ओळखत होती. शब्द तिनं बघितलाच नव्हता.

त्या दिवशी निकिता पुठ्ठ्याचे तुकडे मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. चाऱ्याची ओळ लागली, पुढं सरकली, संपत आली, तरी तिला भान नव्हतं. गहिनीनाथ बैलांना घेऊन हौदावर गेला होता. तो परत आला तेव्हा जनावरं रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभी होती. त्यानं धावत जाऊन ट्रकच्या तळाचा उरलासुरला चारा आणला, वाळलेला आणि मातीत माखलेला. भारा खाली टाकून तो म्हणाला, "तिला ऐकू येत न्हाई. तुला तर येतं ना?"

सगळ्या ओळीनं ते ऐकलं. निकिता उठली आणि कोयता घेऊन उसाचे तुकडे करू लागली. गहिनीनाथाला आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण सुनेची माफी कशी मागतात हे त्याला माहीत नव्हतं. तो गाईच्या पाठीवरच्या गोचिडी काढत बसला.

समोरच्या ओळीत खातून म्हणून एक बाई होती, तिच्या दोन म्हशी होत्या. तिनं हे सगळं पाहिलं होतं आणि डागांचं निकिताकडून ऐकलंही होतं. दुसऱ्या दिवशी ती घरून येताना एक गठ्ठा घेऊन आली. तिच्या मुलाच्या, अमीरच्या लग्नाच्या पत्रिका होत्या, जास्तीच्या छापलेल्या, वाटून उरलेल्या. जाड कागद, सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या, आतून कोऱ्या. ती निकिताला म्हणाली, "ह्या घे. एकीसारखी दुसरी हाय. आता ती डाग कुठून आनती बघू."

निकितानं पत्रिका मधून कापल्या. पिठाची खळ शिजवली आणि छापील बाजू एकमेकींवर चिकटवल्या, म्हणजे दोन्हीकडून कोरं राहील. गहिनीनाथानं न सांगता त्या जोड्या परातीखाली दाबून ठेवल्या आणि परातीवर दगड ठेवला. वाळल्यावर निकितानं एकाच पेनानं, एकाच उंचीची अक्षरं काढली. प्रत्येक शब्दाची चार-चार कार्डं केली. रोज वेगळं वापरायचं, एखाद्याला डाग पडला की ते बाजूला काढायचं. जुन्या ब्लाउजची पिशवी शिवून त्यात सगळी भरली.

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. सृष्टी कार्ड हातात घ्यायची, कडा चाचपायची, वास घ्यायची, पाठ बघायची. डाग नाही, कोपरा नाही. ती चिडून कार्ड फेकायची. निकिता उचलून पुन्हा द्यायची. ऊन चढत गेलं, जाळीखाली भट्टी पेटल्यासारखं व्हायला लागलं, जनावरं तोंडानं श्वास घेऊ लागली.

एका दुपारी सृष्टीनं 'बादली' हातात घेतली आणि पहिल्यांदाच ती कडा न चाचपता त्या काळ्या रेघांकडं बघत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली होती. ती उठली, बादलीपाशी गेली आणि कार्ड आत टाकलं. निकितानं न बोलता दुसरं कार्ड दिलं, 'बादली'च, पण आजवर न वापरलेलं. पोरीनं ते बघितलं आणि पहिल्याच्या शेजारी बादलीत टाकलं. निकितानं तिसरं दिलं, 'बैल'. सृष्टी बादलीकडं दोन पावलं गेली, थांबली, पुन्हा कार्डाकडं बघितलं आणि वळून बैलांकडं गेली.

निकितानं कुणाला हाक मारली नाही. खातून आपल्या ओळीतून बघत होती, तिनं हातातली शेणाची पाटी खाली ठेवली आणि तशीच उभी राहिली.

त्यानंतर आठवड्याभरात पोरीनं सगळे शब्द उचलले. निकिता लिहील तेवढे तिला कमी पडू लागले. आई, पप्पा, आजी, कवडी, गाडी, दूध, चारा. एक कार्ड निकितानं 'सृष्टी' असं लिहिलं आणि तिच्या छातीला टेकवलं. पोरगी बराच वेळ ते कार्ड आपल्या झग्यावर धरून फिरत होती.

गहिनीनाथ हे सगळं लांबून बघायचा. तो कधी शाळेत गेला नव्हता, कागदावर अंगठा उठवायचा. एका संध्याकाळी तो बाजेवर टेकला असताना सृष्टी आली, पिशवीत शोधून तिनं एक कार्ड काढलं आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. त्यानं ते हातात घेतलं, पण त्याला काही उमगेना.

"काय हाय हे?" त्यानं निकिताला विचारलं.

"आबा लिहिलंय, मामा. तुमीच हायेत ते."

तो कार्डाकडं बघत राहिला. साठी ओलांडली होती, आणि आपण लिहिल्यावर कसे दिसतो हे त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. ते त्याला त्याच्या मांडीएवढ्या, मुक्या म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेल्या पोरीनं दाखवलं होतं. त्यानं ते कार्ड टोपीत ठेवलं. ते परत घेण्यासाठी सृष्टीनं हात पुढं केला, तर निकितानं तिला दुसरं लिहून दिलं.

रामनवमी झाली त्या सुमारास राम एका सकाळी टँकर भरून जाताना वाटेत छावणीवर थांबला. सृष्टी जमिनीवर दोन कार्डं शेजारी शेजारी मांडून बसली होती. एक 'कवडी' आणि एक 'गाडी'. ती कवडीच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवायची आणि मग गाडीच्या शेवटच्या अक्षरावर. पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. मग तिनं मान वर करून बापाकडं बघितलं, जणू हे तुम्हाला माहीत होतं का, असं विचारत असावी. तिला कुणी डी शिकवला नव्हता. शब्दाच्या आत तुकडे असतात आणि तोच तुकडा दुसऱ्या शब्दात सापडतो, हे तिनं एकटीनं शोधून काढलं होतं. खाली रस्त्यावर टँकर चालूच होता. राम उकिडवा बसला आणि त्यानं पोरीचं ते बोट हातात घेऊन नुसतं धरून ठेवलं.

वैशाखात छावणीतला चारा आणखी कमी झाला. लहान जनावराला निम्मंच मिळायचं, आणि कवडीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. गहिनीनाथाची मुलगी सत्यशीला राहात्याला दिलेली होती. तिकडं पाटाचं पाणी होतं. तिचा फोन आला, की कवडीला आमच्याकडं पाठवा, पाऊस पडला की घेऊन जा, निदान जगेल तरी. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं टेम्पो पाठवला.

कवडीला चढवताना सृष्टी दिसायला नको म्हणून निकितानं तिला खातूनच्या म्हशींकडं नेऊन बसवलं. पण पोरगी कधी निसटली ते कळलं नाही. टेम्पो माळावरून रस्त्याला लागत होता, कवडीचं डोकं फळीवर दिसत होतं, आणि सृष्टी धुरळ्यात त्यामागं पळत होती. गहिनीनाथानं तिला गाठून उचललं. ती त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारत ओरडत होती. तो आवाज शब्दांचा नव्हता, पण जाळीखालच्या सगळ्या माणसांनी माना खाली घातल्या.

दुपारभर ती कवडीच्या रिकाम्या खुंट्यापाशी बसून होती. भाकर दिली ती खाल्ली नाही, पाणी दिलं ते सांडलं. निकितानं हातानं खुणा केल्या, तिकडं लांब, खायला, परत येईल. पोरगी बघतच नव्हती. तिच्या मनात काय चाललंय हे कुणाला विचारता येत नव्हतं आणि तिला सांगता येत नव्हतं, असं सगळे धरून चालले होते.

उन्हं कलल्यावर ती उठली. बाजेखालची पिशवी ओढून काढली आणि सगळी कार्डं जमिनीवर ओतली. एकेक बघून बाजूला करत गेली. मग तिनं एक कार्ड उचललं आणि गहिनीनाथापुढं मातीत ठेवलं. त्याच्या शेजारी दुसरं ठेवलं. मग पुन्हा शोधू लागली. तिसरं मिळालं ते तिनं दोन्हींच्या शेजारी मांडलं, वाकडं बसलं ते सरळ केलं आणि आजोबाच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

गहिनीनाथानं निकिताला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि खाली बघून तिथंच थबकली.

"काय म्हनती गं?"

निकितानं बोट ठेवून एकेक शब्द वाचला, "कवडी. गाडी. सृष्टी."

जी गेली, जी समोर नाही, तिच्याबद्दल पोरगी बोलत होती. ती गाडीतून गेली आणि मलाही जायचंय, असं सांगत होती. शब्दाला शब्द जोडायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. निकितानं तर अजून एकावेळी एकच कार्ड दाखवलं होतं. खातून समोरून आली, ओळीतली आणखी माणसं आली, आणि मातीतल्या त्या तीन कार्डांभोवती गोल करून उभी राहिली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं पायातल्या वहाणा काढल्या. का काढल्या ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गहिनीनाथ म्हणाला, "सकाळी मी हिला घिऊन जातो."

रामला सुट्टी नव्हती आणि जनावरांपाशी निकिता हवीच होती, म्हणून म्हातारा एकटाच नातीला घेऊन निघाला. निघताना निकितानं कार्डांची पिशवी, उरलेल्या कोऱ्या कार्डांसकट, सृष्टीच्या गळ्यात अडकवली आणि नवं कार्ड लिहिलं, 'राहाता'. ते तिनं 'कवडी'च्या शेजारी धरलं आणि लांब रस्त्याकडं हात केला. सृष्टी ते कार्ड मुठीत धरूनच एस.टी.त बसली.

नगरच्या स्टँडवर गहिनीनाथानं चौकशी केली. गाडीला अवकाश आहे, बसून राहा, असं सांगितलं गेलं. सगळं आयुष्य तो असाच विचारत विचारत फिरला होता. तो बाकावर टेकला. सृष्टी येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या बघत होती. मध्येच तिनं त्याचं धोतर ओढलं. तहान लागली असेल म्हणून त्यानं बाटली काढली, तर बाटली झटकून ती पळत सुटली आणि एका गाडीच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिली. कंडक्टर नुकतीच पाटी लावून उतरत होता. पाटीवर राहुरी, राहाता, शिर्डी अशी तीन नावं एका खाली एक होती. सृष्टीनं मुठीतलं कार्ड उंच धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट पाटीकडं केलं. वरच्या नावाकडं नाही, मधल्याकडं.

कंडक्टरनं कार्ड बघितलं, पाटी बघितली. किती वर्षांची आहे, म्हणून त्यानं विचारलं. गहिनीनाथानं सांगितलं, तेव्हा त्याला ते खरं वाटलं नाही. त्यानं पोरीला उचलून स्वतः गाडीत चढवलं आणि खिडकीशी बसवलं. वाटेत जिथं जिथं गाडी थांबली तिथं सृष्टी दुकानांच्या पाट्या, भिंतींवरचं रंगवलेलं, ट्रकांच्या पाठी असं सगळं नाक काचेला लावून बघत होती. गहिनीनाथही बघत होता. त्याच रस्त्यानं तो कितीदा गेला होता, पण रस्त्याला एवढं लिहिलेलं असतं हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

राहात्याला सत्यशीला नाक्यावर आली होती. तिचं रान रस्त्यापासून जवळ होतं. बांधावर कवडी बांधलेली होती. सृष्टी पळत गेली आणि तिच्या गळ्याला बिलगली. कवडीनं तिचं डोकं चाटलं, केस ओले होऊन कपाळाला चिकटले. पोरगी हसत होती. हसण्याचा आवाज तिला स्वतःला येत नव्हता, म्हणून तो मोठा होता आणि रानभर जात होता.

मग ती थांबली. कवडीच्या पुढं सगळं रान लसूणघासानं भरलेलं होतं. गुडघ्याएवढा, ओला, गर्द घास. वारा आला की तो एका बाजूनं वाकत दुसऱ्या बाजूपर्यंत जायचा. सृष्टी जन्मली त्या वर्षापासून तिच्या गावात धड पाऊस नव्हता. हिरवं तिनं बघितलं होतं ते जाळीचं. ती हळूहळू खाली बसली, दोन्ही हात घासात घातले आणि बाहेर काढून तळव्यांचा वास घेतला. गहिनीनाथालाही पुढं पाऊल टाकवेना. कितीतरी दिवसांत त्याच्याही डोळ्यांना असं काही दिसलं नव्हतं.

सृष्टीनं पिशवी उघडली. 'चारा' काढला, घासाजवळ नेला, घासाकडं बघितलं, कार्डाकडं बघितलं. छावणीतला चारा वाळलेला होता, पिवळा होता, तुकड्यांचा होता. तिनं ते परत आत टाकलं. मग बांधावर सगळी कार्डं एकेक करून पसरली. शेवटच्या कार्डापर्यंत गेली. त्यात नव्हतं. तिनं एका हातानं घासाची मूठ धरली आणि दुसरा हात, रिकामा, तळवा वर करून आजोबापुढं धरला.

"काय पायजे तिला, आबा? भूक लागली का?" सत्यशीलानं विचारलं.

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "ह्याचं नाव पायजे."

त्यानं पिशवीतलं एक कोरं कार्ड काढून लेकीच्या हातात दिलं. तिनं घरातून पेन आणला आणि बांधावर बसून 'घास' असं लिहिलं. सृष्टी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून पेनाच्या टोकाकडं पहिल्या रेघेपासून बघत होती. कार्ड हातात येताच ती ते घेऊन घासात शिरली, अगदी आत, आणि तिथं उभी राहून एकदा कार्डाकडं आणि एकदा सभोवार बघू लागली.

गहिनीनाथानं आणखी एक कोरं कार्ड पुढं केलं.

"तेच परत लिही," तो म्हणाला.

"तिला दिलं की, आबा."

"मला," तो म्हणाला, आणि लेकीच्या शेजारी बांधावर बसून तिचा हात कसा वळतो ते बघू लागला.